सुनेच्या वाट्याचे शिंपले

फेलिसाला सातवा महिना होता. समार बेटाच्या खाडीत पाणी लाल करणारं विषारी शेवाळ पसरलं, तेव्हा नर्सबाईंनी घरोघर फिरून बजावलं, “शिंपले कुणीच खाऊ नका. पोटुशीनं तर मुळीच नाही.” तरी सासूनं आलं घालून शिजवलेल्या शिंपल्यांचा वाडगा सुनेपुढे ठेवला. फेलिसानं मागे सरकवला. “महाराणीचे नखरे! हेच खाऊन मी सहा बाळंतपणं केली,” सासू म्हणाली. “आई, नर्सबाईंनी…” “नर्सबाईला एक तरी मूल आहे का?” सासूनं वाडगा स्वतःकडे ओढला आणि खाऊ लागली. पुढचे टोमणे टळले म्हणून फेलिसा गप्प बसली. दुपारी सासूचे ओठ बधिर झाले, मग हात. तिला नेणारी होडी इस्पितळाच्या धक्क्याला लागण्याआधीच तिचा श्वास थांबला. दफन उरकून आल्यावर नवऱ्यानं विचारलं, “तू नाही खाल्लेस. तिला कसं खाऊ दिलंस?” पोटात बाळानं लाथ मारली. एरवी लगेच पोटावर जाणारा फेलिसाचा हात आज तिथवर गेला नाही.