आप्पांची वामकुक्षी

जेवण झालं की आप्पा देवस्थळी आडवे होत. मेल्यावरही त्यांनी ही सवय सोडली नाही, आणि तिथेच घोळ झाला. सर्व्हरवर ठेवलेल्या मृतांचे विचार पडद्यावर रेघ होऊन हलत. रेघ सपाट झाली, की माणूस अडकला असं समजून यंत्रणा त्याला पुन्हा चालू करी, आणि मेल्यानंतरचं सारं त्याच्या डोक्यातून पुसलं जाई.

देखरेखीला त्यांचीच मुलगी होती, मृदुला. वडील गेल्याची बातमी ती वडिलांना रोज दुपारी देई आणि ते रोज नव्याने रडत. तिने झोपेची सवलत मागितली, तर साहेब म्हणाले, "मेलेल्यांना कसली आलीय झोप?"

आज तिने माइक सोडलाच नाही. "आप्पा, झोपू नका हं."

"अगं, भात जेवलोय. तू बोल, मी हुं म्हणतो."

ती बोलत राहिली. हुंकार विरळ होत गेले. रेघ सपाट झाली, मग दचकून उठली.

"मृदुला? डॉक्टर काय म्हणतायत? घरी कधी सोडणार?"

तिने नेहमीचं वाक्य तोंडाशी आणलं आणि गिळलं.

"उद्या सोडतायत, आप्पा. तोवर जरा पडा."