सातेरीच्या परतीची वेळ

"सातेरी आयली! सातेरी आयली रे!"

धक्क्यावर आरोळी उठली आणि मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बसलेल्या चंदनने चमकून वर पाहिलं. सातेरी येणार कुठून? दोन पावसाळ्यांमागे ती दत्तप्रसादला घेऊन समुद्रात गेली, ती गेलीच. ना होडी मिळाली, ना माणूस. आणि ऑफिसच्या खिडकीतला नवाकोरा स्क्रीन मात्र छातीठोकपणे सांगत होता : सातेरी, परत, पावणेपाच.

प्रोग्राम चंदनचाच. कसालहून रोज येऊन त्याने तो सी भाषेत लिहिला होता आणि आजच मोठ्या हौसेने सुरू केला होता. काम साधं. एका व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्राममधल्या एका कप्प्यातून, होडीचं नाव डेटाबेसच्या आज्ञेत जायचं आणि तिच्या परतीची वेळ दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये येऊन बसायची. चंदनने कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. सातेरीच्या परतीचा रकाना रिकामा होता. रिकाम्यातून येणार काय, कप्पाळ? व्हेरिएबलमध्ये आधीच्या होडीची, लिओनच्या स्टेलाची वेळ तशीच पडून होती. तीच सातेरीच्या नावापुढे झळकली.

तो स्क्रीन बंद करायला उठला, पण उशीर झाला होता. दत्तप्रसादची आई तुळसामावशी धापा टाकत दारात उभी होती आणि तिच्यामागे तिची सून दिव्या. दिव्याच्या हाताला बांगड्याचे खवले तसेच चिकटलेले.

"खंय आसा?" तुळसामावशीने विचारलं.

चंदनला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर बरं होईल. "मावशी, चूक माझी. होडी आयली नाय." आणि त्याने जमेल तसं सांगितलं. "लिलावाक एकाची मासळी पाटयेत ओतली, मगे दुसऱ्याकडे काय नव्हतांच, नि आपण पाटी रिकामी करूक इसारलो, तर पाटयेत दिसतला कोणाचा?"

"पयल्याचा," दिव्या हळूच म्हणाली.

"तसाच झाला, वयनी."

तुळसामावशी बाकावर बसली. दिव्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ते बघून चंदनला आपल्या साऱ्या शिक्षणाची लाज वाटली.

सोसायटीचे सेक्रेटरी गणपतकाका खिडकीपाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "डेटाबेसातसून तां नावच काढून टाक. कटकट नको."

"नाय काका. नाव ऱ्हवतला." चंदन एरवी कोणाला उलटून बोलणारा नव्हे. पण आज बोलला.

तो पुन्हा कोडकडे वळला. वेळेच्या व्हेरिएबलशेजारी त्याने आणखी एक छोटं व्हेरिएबल बसवलं. त्याचं काम एवढंच : रकान्यात काही नसेल तर तसं सांगायचं. नसेल तर मागची वेळ दाखवायची नाही, शून्यही दाखवायचं नाही, जागा मोकळी सोडायची. प्रोग्राम पुन्हा चालू झाला. स्टेलापुढे पावणेपाच. सातेरीपुढे काहीच नाही.

"बगा मावशी," तो म्हणाला, "नाव आसा. वेळ रिकामी ठेवलंय. तुमका होयी तितको काळ रिकामीच ऱ्हवात."

मावशीने डोळे बारीक करून स्क्रीन पाहिला. मग सुनेला म्हणाली, "गो, भायर नळ आसा, हात धुवन ये." दिव्या बाहेर गेली तशी मावशी चंदनच्या कानाशी वाकली.

"रिकामीच ठेव हां बाबा. माझो झील येवचो नाय, माका कधीचा कळला. पण ह्या चेडवाक अजून आशा आसा. म्हणान मी रोज धक्क्यार येतंय, वाट बगल्यासारख्या करतंय. माहेरची माणसा दोनदा न्हेवक आयली तरी गेली नाय बिचारी. मी आशा सोडलंय तर मोडात ती."

चंदनने मान हलवली. मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कमरेला पदर खोचून धक्क्याच्या वाटेला लागली.

दिव्या हात पुसत आत आली. सासू लांब गेल्याची तिने खात्री करून घेतली.

"चंदनभाऊ, एक मागणा आसा. ती जागा रिकामीच ऱ्हवांदे. ते येवचे नाय, माका ठावक आसा. पण आये रोज वाट बगतत. म्हणान मीय रोज त्येंचा ताट वाढून ठेवतंय. बाबा न्हेवक आयले, पण जातलंय कशी? आशा तुटली तर आये जगाच्यो नाय."

एवढं बोलून ती सासूच्या मागे निघालीसुद्धा. चंदन जागच्या जागी बसून राहिला. दोघींनी त्याच्याकडे एकच मागितलं होतं, आणि ते देऊन तो दोघींना आयुष्यभर बांधून ठेवणार होता. दुसऱ्याच्या घरातल्या दुखण्यात आपण का पडायचं? पडायचंच, म्हणत तो अनवाणी धक्क्यावर धावला.

"मावशी, थांबा! मागे फिरा!" तो ओरडला. "तुमी माका आता कानात सांगलात, तांच ही वयनी सांगता!"