ओ

शोधपथकाच्या दुसऱ्या पातळीची परीक्षा होती. हरवलेल्या माणसाचं सोंग घेऊन मी झुडपात पडून होतो. "ठरलेल्या नावाने हाक आली तरच ओ द्यायची," सरांनी बजावलं होतं. शोधणार होत्या मावशी. त्यांचा मुलगा याच जंगलात हरवला तो सापडलाच नाही. त्यानंतर त्या पथकात आल्या. पहिल्या पातळीच्या गाठी, नकाशे, प्रथमोपचारांत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गाडी अडायची ती इथेच. हाक मारायची, मग गप्प राहून ऐकायचं. मावशींनी हाक मारली, "बोक्याऽ", आणि कान देऊन थांबल्या. ते माझं ठरलेलं नाव नव्हतं, त्यांच्या मुलाचं होतं. ती शांतता सोसवेना, मी ओ दिली. फांद्या सारून मावशींनी माझा चेहरा निरखला, पाणी पाजलं, अंगावर स्वतःचं जाकीट घातलं. मग वॉकीटॉकीवर म्हणाल्या, "सर, इथे नाही. पुढे शोधते."