दोन डाव्या बाह्या

शिंपीणबाईंनी एकाच शर्टाच्या दोन्ही बाह्या पुन्हा डाव्याच कापल्या आणि त्या मटकन खाली बसल्या. त्यांची आईही अशीच चुकत चुकत शेवटी लेकीला विसरली होती. “सूनबाई, माझं डोकं गेलं. आजपासून दुकान तू सांभाळ.” सून काही बोलणार, तोच शेजारच्या बेकरीतला नवा पंखा सफाईसाठी बंद झाला. महिनाभर, बाईंच्या चुका सुरू झाल्या तेव्हापासूनच, त्याची घुरघुर भिंतीतून येत होती, इतक्या खालच्या पट्टीत, की कानांना ती कळेनाशीच झाली होती. आता बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं, कपाळाची शीर सैल पडली. त्यांनी कापड अंथरलं आणि उजवी बाही एका दमात कापली. “अगं, डोकं जागेवर आहे माझं! चोर तर शेजारचा पंखा होता!” सुनेनं डोळे पुसले. “आई, मी जाऊन भांडून येऊ?” “मीच जाते,” बाई चपला शोधत म्हणाल्या. “तू अजून शिकाऊ आहेस.”