एस्तेरबाईची माफी

लोणारच्या याकोबनं बीटी म्हणून बोगस बियाणं विकलं आणि एस्तेरबाईचा सारा कापूस बोंडअळीनं फस्त केला. "शत्रूवर प्रीती करा, बाई. त्याला माफ करा," असं चर्चच्या पाळकसाहेबांनी समजावलं. ती मुकाट्यानं हो म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी, भरल्या चर्चमध्ये, बियाण्याची रिकामी थैली उंच धरून ती खड्या आवाजात प्रार्थना करू लागली, "प्रभू, बोगस बियाणं विकणाऱ्या याकोबले म्या माफ केलं. तूही कर."

पेरणी तोंडावर आली, तरी याकोबच्या दुकानाची पायरी कोणी चढेना. शेवटी तो तिच्या दारात येऊन हात जोडून उभा राहिला. "बाई, पुरे करा ना आता हे माफ करनं!"

एस्तेरबाईनं बायबल उघडून बोट ठेवलं. "साताच्या सत्तर वेळा, म्हंजे चारशे नव्वद वेळा माफ करा, असं येशूनं सांगतलं हाय. आत्ताशी तेवीसच झाल्या, भाऊ."