सव्वा मूठ गहू

कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी आमच्यात घरातल्या एकेका बाप्याचं नाव पुकारून सव्वा मूठ गहू सुपात टाकतात. बाप्ये संपले, तरी माझा हात गव्हातच. "आता दिपमालाची." माझी नात फौजेच्या ट्रेनिंगला गेलीय. दीर कडाडले, "वहिनी, पोर परक्या घरनी शे. कानबाई कोपेल." मी म्हटलं, "मगनभाऊ, तुमचा नातू भरतीच्या मैदानातून पळून आला. त्याच्या मुठीवर नाही कोपली ती?" तेवढ्यात पोरीचा फोन आला, मी स्पीकरवर घेतला. तिला रविवारीच बोलू देतात. "आजी, इथं रोज माझं नाव पुकारतात. घरी पुकारलं का गं?" दिरांनी मान फिरवली. मी फोन सुपाशेजारी ठेवला, मूठ गच्च भरली आणि गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं, "दिपमाला ललित बोरसे!" फोनमधून कडक आवाज आला, "हजर!" मूठ सुपात सोडली. "आता निवडून काढा तिचे गहू, मगनभाऊ."