श्वासाच्या खुणा

शेवटचं प्रकरण आत्याने एका दमात वाचायचं, पुन्हा वाचायचं नाही आणि झालेलं ध्वनिमुद्रण कुणी बदलायचं नाही, ही अट भाचीने स्वतः करारात घालून घेतली होती. प्रकाशक बुचकळ्यात पडला. पण एवढा नावाजलेला आवाज पुस्तकाला मिळतोय म्हटल्यावर त्याने मुकाट्याने सही केली.

आत्याने उभं आयुष्य रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. ती पाऊस येईल म्हणाली की लोक कोरड्या आभाळाखाली छत्री घेऊन निघायचे. निवृत्तीनंतरही ती दुकानात दोन शब्द बोलली की माणसं वळून पाहायची.

पुस्तक भाचीचं होतं. जिने जिने तिला घडवलं, त्या प्रत्येक बाईवर एक प्रकरण. लहानपणीच गेलेली आई, कपाटभर कादंबऱ्या वाचायला देणारी शेजारची नर्स, शाळेतल्या हेडबाई आणि सगळ्यांत शेवटी आत्या. केवढी कृतज्ञ मुलगी, असं प्रकाशकाच्या ऑफिसात सगळे म्हणायचे. शेवटच्या प्रकरणापर्यंत अजून त्यांच्यातलं कुणी पोचलं नव्हतं.

आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं. खाण्यापिण्यात, कपड्यालत्त्यात काही कमी केलं नाही, हेही भाचीने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण शाळेत असताना तिने आईवर एक गोष्ट लिहिली. आयुष्यातली पहिलीच. ती आत्याच्या हाती लागली. बाहेरच्या खोलीत आत्याच्या मैत्रिणी जमल्या होत्या. आत्याने ती गोष्ट त्यांना नाकातून, हेल काढून, भलत्याच ठिकाणी थांबत वाचून दाखवली. बायका रुमालाने डोळे पुसत हसल्या. एकीने पुन्हा वाचायला सांगितली, तर आत्याने पुन्हा वाचली. पोरगी दारामागे उभी होती. त्यानंतर केस पिकायला लागेपर्यंत तिने पेन हातात धरलं नाही.

आता तिला त्याचं उट्टं काढायचं होतं. आत्याने काय केलं ते आत्यानेच सांगायला हवं होतं, त्याच भरवशाच्या आवाजात, सगळ्या जगाला. ते सांगताना तिचा आवाज फाटला पाहिजे आणि तो फाटलेला ऐकू आला पाहिजे. एवढ्यासाठीच तर पुस्तक लिहिलं, असं भाची स्वतःशी म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

आत्याने सगळी पानं जेवणाच्या टेबलावर बसून वाचली. शेवटचं पान ठेवलं आणि चष्मा काढला.

"एकही शब्द बदलायचा नाही म्हणतेस?"

"एकही नाही."

"मग तूही बदलायचा नाहीस. उद्या दया आली, म्हणून गाळायचं नाही."

"दया येणार नाही, आत्या."

आत्या बरं म्हणाली आणि तिने पेन्सिल मागितली. ती तिची जुनी सवय होती. वाचताना जिथे श्वास घ्यायचा, तिथे ती बारीकशी तिरकी रेघ ओढायची. बातम्यांच्या कागदावर अशा चार-दोनच रेघा असायच्या, फुप्फुसंच तशी होती तिची.

स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट महागंभीर माणूस होता. चेहऱ्याची घडी मोडू नये म्हणून जपून बोलायचा. भाचीने त्याला सकाळीच बजावलं, की शेवटच्या प्रकरणाला काहीही झालं, बाई रडल्या, उठून उभ्या राहिल्या, तरी मशीन बंद करायचं नाही. त्याने मान डोलावली.

आत्या काचेपलीकडे बसली आणि आईचं प्रकरण वाचायला लागली. आवाज थोडा जाडा झाला होता, बाकी तोच. आई केस विंचरून द्यायची ते तिने असं काही वाचलं, की भाचीचा हात आपोआप वेणीकडे गेला. रेकॉर्डिस्टने घाईने रुमाल काढून डोळ्यांना लावला. आपण लिहिलेलं एवढं सुंदर आहे, हे भाचीला पहिल्यांदाच कळत होतं, आणि तेही आत्याकडून. तिला स्वतःचाच राग आला.

मधल्या सुट्टीत तिने आत्याला कोमट पाणी नेऊन दिलं. शेवटच्या प्रकरणाची पानं समोरच पडली होती. प्रत्येक ओळीत रेघा, काही ओळींत तर शब्दागणिक. म्हातारीला इथे इतका श्वास लागणार होता.

"आत्या, हे राहू दे. मी प्रकाशकाशी बोलते."

"घाबरलीस?"

"तुझ्यासाठी म्हणतेय."

"करार तुझा, अटी तुझ्या," आत्या पाणी संपवत म्हणाली. "शब्द फिरवू नकोस."

भाची परत येऊन रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसली. तिला वाईट वाटत होतं आणि आतून बरंही वाटत होतं. इतक्या वर्षांनी का होईना, फिटंफाट होणार होती. तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

लाल दिवा लागला. आत्याने चष्मा सारखा केला, पेन्सिलीच्या पहिल्या रेघेवर बोट ठेवलं आणि नाकातून, लांबलचक हेल काढत सुरुवात केली.

"त्या दिवशी एका पोर… क्या मुली… ची आई… दुसऱ्यांदा मे… ली."

रेकॉर्डिस्टने ओठ दाबून धरले. दुसऱ्या ओळीला त्याचे खांदे हलायला लागले.

"थांबवा," भाची म्हणाली. "बंद करा ते."

"तुम्हीच म्हणालात, काहीही झालं तरी…" एवढंच त्याला बोलता आलं. मग त्याने सकाळचाच रुमाल काढला आणि तो डोळे पुसत, पोट धरून हसत सुटला. काचेपलीकडे आत्याने पान उलटलं.